विकायची आहे, इंजिन बसलेलं आहे

झाशी
११ जानेवारी २०२६

दादा,

फोनवर तू दुसऱ्या वाक्याला 'और बता' म्हणतोस आणि मी तिसऱ्याला 'ठीक है' म्हणून ठेवते. त्यात काम होत नाही, म्हणून पत्र.

पिकअप विकायची आहे. बिजौलीच्या शेडचे मालक मधुजी यांना जागा रिकामी करून हवी आहे. गाडी तुझ्या नावावर आहे आणि आरसी तू जाताना बरोबर नेलीस. ती स्पीड पोस्टाने पाठव. सोबतच्या दोन फॉर्मवर जिथे पेन्सिलने खूण केली आहे तिथे सही कर. तुझी सही बदलली असेल तर आरसीवरची जुनीच कर.

जाहिरात मी लिहिली आहे, बघून घे:

'विलीज पिकअप, १९५८. खडी-क्रशरवरून घेतलेली. चासी सरळ, गंज काढून प्रायमर मारलेला. दोन्ही दरवाजे पूर्ण, रंगासह. मागचा हौदा नव्या शिसवी फळ्यांचा. वायरिंग अर्धं. इंजिन जाम होऊन बसलेलं, कारण माहीत नाही.'

शेवटच्या तीन शब्दांवर मी बराच वेळ अडले. बाबांच्या मते कारण माहीत आहे. तुझ्या मते ते खरं नाही. जाहिरातीत दोन्ही लिहिता येत नाही.

बाबा ठीक आहेत. आईही. मी फॅक्टरीतून येताना अधूनमधून शेडमध्ये डोकावते, टायरमध्ये हवा भरते. बाकी विशेष काही नाही.

मराठीत लिहायला जड जात असेल तर हिंदीत उत्तर दे.

देविका


झाशी
२७ जानेवारी

दादा,

आरसी मिळाली. सह्या बरोबर आहेत. त्यासोबतची चिठ्ठीही मिळाली: 'बेच दे. दरवाज़े किसने बनाए?'

दरवाजे मी केले. रविवारी वेळ असतो.

मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करते. मधुजींनी जागा मागितलेली नाही. ते अजूनही म्हणतात, 'बिटिया, पड़ी रहने दो, क्या खाती है?' गाडी विकायला बाबांनी सांगितलं. आणि बाबा ठीक आहेत म्हणजे फिरायला जातात, पेपर वाचतात, बातम्यांवर चिडतात. पण उजवा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत, त्यांनी हात थोडा शांत राहतो, पूर्ण नाही. दिवाळीनंतर एकदा ते माझ्याबरोबर शेडमध्ये आले होते. हौद्याच्या एका बोल्टवर नट चढवायचा होता. तो काही केल्या बसेना. शेवटी नट खिशात टाकून म्हणाले, 'थंडी फार आहे आज.' घरी येताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या म्हणाले, 'विकून टाक. कुणाच्या तरी हातून पुरी होऊ दे.' आयुष्यभर रेल्वेत फिटर होते ते. तुला हे फोनवर सांगू नकोस असं त्यांनी बजावलं होतं. पत्राबद्दल काही म्हणाले नव्हते.

दोन जण बघायला आले. पहिले ग्वाल्हेर रोडवरचे हॉटेलवाले. त्यांना गाडी गेटवर उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची आहेत. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'गमला चाहिए तो कुम्हार के यहाँ जाइए, साहब.' गाडी तुझी असल्याने तुला विचारायला हवं होतं, पण तोवर ते निघून गेले होते.

दुसरे मुकेश भैया, समथरचे. तिथे त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. आल्या आल्या नमस्कार-चमत्कार न करता पोतं पसरून गाडीखाली शिरले आणि तिथूनच मला बहिणीसारखं 'बिन्नू' म्हणत बोलायला लागले. 'काए बिन्नू, चासी तो चोखी है. इंजन काए बैठो?'

मी म्हटलं, 'इश्तहार में लिखा तो है, वजह पता नहीं.'

'बीमारी पता नइयाँ तो इलाज का करें?'

तेव्हा बाबा स्टुलावरून म्हणाले, 'पता है. लड़के ने रॉड के कैप अदल-बदल कर दिए. मैंने नंबर डालकर दिए थे, उसने देखे ही नहीं.'

परक्या माणसासमोर, दोन वर्षांनी, तेच वाक्य.

तुमचं भांडण झालं त्या दिवशी मी शेडच्या दारात उभी होते, म्हणून मला ते सगळं पाठ आहे. इंजिन पहिल्यांदा चालू झालं, आईने थर्मासमधून ओतलेला चहा संपायच्या आत बसलं. बाबांनी खालून उघडलं, सांध्यांवर नख फिरवलं. दोन आणि तीन नंबरच्या पिस्टन-रॉडवर एकमेकांच्या कॅप होत्या. तू म्हणालास, मी नंबर बघूनच बांधलंय. ते म्हणाले, चूक कर, पण खोटं बोलू नकोस. त्या महिन्यात तू जामनगरला गेलास. त्यानंतर तुमचं बोलणं म्हणजे सणाला 'नमस्कार बाबा' आणि 'सुखी रहा'.

मी बाबांना म्हटलं, 'इंजिन पुन्हा उघडू या.'

'मी उघडलं होतं.'

'तुम्ही बघितलं होतं. मोजलं नव्हतं.'

मुकेश भैया गाडीखालून बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, 'खोल लो बिन्नू, हम रुके हैं. बब्बा से तो हमें डर लग रओ.'

या रविवारपासून उघडायला घेते.

देविका


झाशी
९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बसून, नीट वाच.

इंजिन खालून उघडलं. चारही रॉड आणि त्यांच्या कॅप धुवायला घरी आणल्या, कारण शेडमध्ये पाणी बर्फासारखं होतं. अंगणात घमेल्यात रॉकेल घेऊन ब्रशने घासत होते. आई मेथी निवडत शेजारी बसली होती. म्हणाली, 'ह्या त्या वाट्या ना गं? नवमीच्या?'

मी म्हटलं, 'वाट्या नाहीत, कॅप.'

'तेच ते. धुतल्यावर आकडे टाक हो आठवणीने. मागे माझ्या हातून पुसले गेले होते, मग मी परत टाकले.'

मी ब्रश खाली ठेवला. 'कधी?'

'अगं, खंडेनवमीला. तुझ्या मंदारदादाने पान्यांचा ट्रे आणला नव्हता का पूजेला? तुमच्या फॅक्टरीत विश्वकर्मा पुजतात, आपल्याकडे नवमी. काय ते मेणचट झालेलं सगळं! देवापुढे तसंच ठेवायचं? सोड्याच्या पाण्यात उकळलं, नारळाच्या शेंडीने घासलं. चांदीसारखं लख्ख झालं. मग बघते तर आकडे गेलेले.'

'मग?'

'मग ह्यांना विचारलं. डेंग्यू झाला होता ना तेव्हा, तापात पडलेले. म्हटलं, वाट्यांवर आकडे कुठपर्यंत होते हो? म्हणाले, एक ते चार. टाकले मी खडूने. पाटावर ओळीने मांडल्याच होत्या. पूजेची फुलं उचलल्यावर टाकले, नाहीतर परत कुंकवात पुसले असते.'

तिला त्याचा अभिमानच होता. दुसऱ्याची वस्तू जशी होती तशी परत केली याचा. आपल्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर नाव घातलेलं आहे, तुला आठवत असेल. आईच्या लेखी आकडा त्याचसाठी असतो. चार वाट्या गेल्या तर चार परत याव्यात. कोणती वाटी कोणाची, हा प्रश्न तिला पडायचं कारणच नव्हतं.

तुला माहीत आहे तेच लिहिते, कारण मला ते क्रमाने लिहायचं आहे. रॉड आणि त्याची अर्धगोल कॅप एकत्र बांधून मगच आतलं भोक गोल केलेलं असतं. दुसऱ्या रॉडची कॅप बसते, बोल्टही घट्ट होतात, पण भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग जळतं. आपले रॉड वेगवेगळ्या कबाड्यांकडून आणलेले, त्यांवर कारखान्याचे नंबर नव्हते. लोखंडी पंच ठोकून खूण करू द्यायला बाबा तयार नव्हते, म्हणायचे, रॉडला जिथे मार बसतो तिथूनच तडा जातो. म्हणून खडू. रॉड शेडमध्ये कापडात गुंडाळून राहिले. कॅप पान्यांच्या ट्रेमध्ये होत्या, म्हणून त्या घरी पूजेला आल्या.

ऐकलेल्या गोष्टीवर मी थांबले नाही. साहेबांची परवानगी घेऊन सगळं फॅक्टरीत नेलं. प्रत्येक रॉडवर प्रत्येक कॅप बांधून आतून मोजली. जळालेल्या दोन रॉडचं मोजमाप शंभर टक्के भरवशाचं नाही, हे मान्य करते. पण उरलेल्या दोन्हींचं आहे, आणि जळालेल्यांचंही त्याच दिशेने जातं. एक आणि चार नंबर आईच्या हातून योगायोगाने बरोबर पडले. दोन आणि तीन उलटे.

म्हणजे तुझ्या हातात कॅप आल्या तेव्हा त्यांवर नंबर होते आणि ते बघूनच तू त्या लावल्यास. तू खोटं बोलला नव्हतास. ही माझी समजूत नाही, मोजमाप आहे.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी तुला.

देविका


झाशी
१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र काल आलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ, तीही मराठीत: 'आईला सांगू नकोस.'

मी तुझ्या रागाची तयारी करून ठेवली होती. पाकीट फॅक्टरीत उघडलं नाही, त्याच कारणाने. मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर भिंतीपाशी जाऊन उघडलं. त्यानंतरचा अर्धा तास मी काही काम केलं नाही, एवढंच सांगते.

बाबांना सांगू नकोस असं तू लिहिलेलं नाहीस, म्हणून आज संध्याकाळी त्यांना शेडमध्ये नेलं. बाकावर चारही रॉड मांडले होते. मी काही न सांगता दोन नंबरचा रॉड बाकावरच्या शिकंज्यात घट्ट धरला आणि त्याची खरी कॅप त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवायला घेतली. हात थरथरत होता, लोखंडावर लोखंड वाजत होतं. मी मदत केली नाही. त्यांना आवडलं नसतं. शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून त्यांनी ती बसवली. मी बोल्ट ओढले. त्यांनी डाव्या अंगठ्याचं नख सांध्यावरून आतून फिरवलं. पुन्हा फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

'ही तीन नंबरच्या रॉडवर निघाली होती,' ते म्हणाले.

'तिच्यावर खडूने तीन लिहिलेलं होतं.'

'मी दोन लिहिला असणार.'

'हो.'

मग म्हणाले, 'मग तीन कुणी लिहिलं?'

'ते मी सांगणार नाही.'

'मी आजारी होतो तेव्हाचं आहे.'

'हो.'

'नवमीला ट्रे घरी गेला होता.'

मी हो म्हणाले नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, 'ती काहीतरी विचारायला आली होती. काय ते आठवत नाही. मी चार म्हणालो, एवढं आठवतं.'

मग टोपी परत घालत: 'हे तिला कळता कामा नये.'

मी म्हटलं, 'दादानेही हेच लिहिलंय. तुमचं दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.'

ते हसले नाहीत. 'त्याने लिहिलं? काय लिहिलं?'

मी तुझं पत्र दिलं. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? त्यांनी चष्मा पुसून ती परत वाचली आणि घडी घालून कागद स्वतःच्या खिशात ठेवला. मी परत मागितला नाही. तुझा असल्याने तुला कळवते.

तुला फोन लावू का, असं मी विचारलं. म्हणाले, 'काय बोलू त्याच्याशी?' ते खरंच विचारत होते.

मुकेश भैया एक मार्चला येणार आहेत. त्या दिवशी ऑनलाइन अर्ज भरला की तुझ्या मोबाइलवर ओटीपी येईल. फोन जवळ ठेव. ड्युटी असली तरी.

देविका


झाशी
२ मार्च

दादा,

ओटीपी चालला. गाडी काल गेली. तुझ्या फोनवर जेवढं आलं ते तुला माहीत आहे. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते लिहिते.

मुकेश भैया समथरहून ट्रॉली घेऊन आले. कागद भरायचे म्हणून आधी घरी बसले. आईने पोहे केले होते. खाता खाता त्यांनी विषय काढलाच: 'तो बब्बा, लरका की गलती पक्की?'

बाबांनी बशी खाली ठेवली. 'नहीं. लड़के ने ठीक बाँधा था. नंबर गलत थे. नंबर मैंने गलत बताए थे.'

हे काटेकोरपणे खरं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

पण आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, 'तुम्ही कुठे? आकडे मी टाकले होते.'

'मी सांगितले, तू लिहिलेस,' बाबा म्हणाले. 'लिहिणाऱ्याची चूक नसते.'

'म्हणजे ते चुकले होते?'

मुकेश भैयांना मराठी थोडीच कळते, पण ते पोह्यातले शेंगदाणे फार काळजीपूर्वक निवडायला लागले. आई पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'आणि मंदार गेला तो ह्याच्यावरून?'

तू सांगू नकोस म्हणाला होतास. बाबाही म्हणाले होते. पण तिने मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, 'हो, आई.'

मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. बाबांना म्हणाली, 'मग त्याला हे सांगितलं का तुम्ही?'

'देविकाने लिहिलंय.'

'देविकाने नाही हो. तुम्ही.'

एवढं बोलून आत गेली आणि सगळे पोहे संपलेले नसताना दुसरा घाणा परतायला घेतला.

मी लॅपटॉप उघडला, अर्ज भरला आणि तुला फोन लावला. 'हो, आला, सांगतो,' असं तू म्हणालास तेव्हाच बाबांनी माझ्यासमोर हात केला. मी त्यात फोन दिला. त्यामुळे पुढचा आवाज त्यांचा होता. तू क्षणभर थांबलास, तो त्याच्यामुळे थांबलास का, मला माहीत नाही. मग तू आकडे सांगितलेस. त्यांनी एकेक आकडा मोठ्याने परत म्हटला, मी टाइप केला. तू विचारलंस, 'हो गया?' ते म्हणाले, 'हो गया.'

इथवर तू होतास.

त्यानंतर त्यांनी फोन कानावरून काढला नाही. मराठीत म्हणाले, 'मंदार, तू बरोबर बांधलं होतंस. मी तुला खोटं पाडलं. ते बरोबर नव्हतं.' मग म्हणाले, 'दरवाजे देविकाने छान केलेत. तू बघायला हवे होतेस.' आणि फोन माझ्याकडे दिला. कॉल बंद झालेला होता. केव्हा झाला ते कळायला मार्ग नाही. कॉल किती वेळ चालला ते फोनवर दिसतं, पण बाबा केव्हा बोलायला लागले ते मी मोजलं नव्हतं. मी सहसा मोजते.

गाडी ट्रॉलीवर चढवताना मधुजींनीही हात लावला. रॉड आणि कॅप मी जोडीजोडीने बांधूनच दिल्या, सुट्या नाहीत. मुकेश भैयांना बाबा म्हणाले, इंजिन सुरू झालं की बोलवा. ते म्हणाले, 'बब्बा, चाबी आप ही घुमैयो.' शेड आता फार मोठी वाटते. त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

रात्री बाबांनी दोनदा विचारलं, त्याने ऐकलं का गं. मी सांगितलं, माहीत नाही. हो म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. आई म्हणाली, 'हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?' कदाचित काही नाही.

तू ऐकलं असशील तर, आणि नसशील तरी, आता लिहून कळवलं आहे. याचं उत्तर मला पाठवू नकोस. त्यांना फोन कर. संध्याकाळी सातनंतर ते घरीच असतात. फोन उचलायला त्यांना वेळ लागतो. लगेच ठेवू नकोस.

देविका